उजवी बाजू

शाळेत त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणत. खेळाच्या बाई त्या. गळ्यात कायम शिट्टी, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाचं पोर उभ्या जागी ताठ व्हायचं. मुलांना वाटायचं, हे नाव बाईंना माहीत नाही. बाईंना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

तर ज्या बाईंनी आयुष्यभर सगळ्यांना दम दिला, त्यांनाच एके वर्षी दम लागायला लागला. शिक्षकांच्या खोलीत हा विनोद पहिल्यांदा कुणी केला ते आता कुणाला आठवत नाही, पण बाई स्वतःही त्यावर खळखळून हसल्या होत्या. हसता हसता मध्येच थांबून त्यांना श्वास घ्यावा लागला, ते मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सुरुवात जिन्यापासून झाली. खेळाचं सामान शाळेच्या वरच्या मजल्यावर असायचं. पूर्वी बाई दोन्ही हातांत चेंडूंच्या जाळ्या घेऊन पायऱ्या उतरायच्या आणि रिकाम्या हातांनी परत धावत वर जायच्या. आता मधल्या वळणावर त्या भिंतीवरचे जुने संघांचे फोटो बघत उभ्या राहू लागल्या. कुणी जवळून गेलं तर बोट दाखवून म्हणायच्या, ही मुलगी आता कुठं असेल कोण जाणे. त्या फोटोंतली सगळी मुलं त्यांना तोंडपाठ होती. बघण्यासारखं तिथं काहीच नव्हतं, पण श्वास परत जागेवर यायला कुठंतरी थांबणं भाग होतं.

कारणं तर काय, मागाल तितकी. वय झालं. वजन वाढलं. पाळी जायचे दिवस आले, त्यात असं होतंच. बाईंच्या घराजवळ एक म्हातारे डॉक्टर होते, घरातल्या सगळ्यांची ताप-खोकल्याची औषधं त्यांच्याकडूनच यायची. त्यांनी छाती तपासली आणि दम्याचा पंप दिला. पंपानं फरक पडतोय असं बाईंनी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही सांगितलं. मग धावून दाखवायचं काम त्यांनी हळूहळू मोठ्या मुलींवर सोपवलं आणि स्वतः झाडाखाली उभ्या राहून नुसत्या सूचना देऊ लागल्या.

घरात मात्र एक माणूस असं होतं की ज्याच्या डोळ्यांत धूळ टाकणं सोपं नव्हतं. ती म्हणजे त्यांची सासू. सासूबाईंनी सारी उमर बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेली. गच्च भरलेल्या गाडीत कोण तिकिटासाठी खिसा चाचपतंय आणि कोण दुसऱ्याचा खिसा चाचपतंय, हे त्यांना पाठ फिरवूनही कळायचं. सासूसुनेचं विळ्याभोपळ्याचं नातं होतं असं नाही, पण दोघींचे आवाज मोठे आणि दोघींनाही हुकूम सोडायची सवय. मध्ये बिचारा नवरा. तो चष्मे बनवायच्या दुकानात काम करायचा, कमी बोलायचा आणि दोघींचे आवाज चढले की काचा पुसत बसायचा.

एके संध्याकाळी बाई शाळेतून आल्या, खुर्चीत बसून बूट काढले, मोजे काढले. सासूबाई समोरच भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली.

"पाय बघू," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"बघू म्हटलं ना."

मोज्याचं रबर जिथं होतं तिथं घोट्याच्या वर खोल वळ उठला होता. सासूबाईंनी अंगठ्यानं नडगीवर दाबलं आणि अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला. ओल्या मातीत बोट दाबावं तसा.

बाई म्हणाल्या, दिवसभर उभी असते मैदानावर, सुजणारच. सासूबाई म्हणाल्या की त्यांनीही जन्मभर उभ्यानंच नोकरी केली, तीही हलत्या गाडीत, पण पायाचा असा गोळा कधी झाला नाही. शिवाय तुझी जिन्यावरची पावलं मी रोज ऐकते, प्रत्येक मजल्याला गाडी थांबते आहे, असंही त्यांनी सुनावलं. त्यावर बाई चिडल्या. मला काही झालेलं नाही, तुम्ही उगाच माझ्यावर पाळत ठेवू नका, असं बोलून गेल्या. दोन दिवस घरात अबोला होता.

तो अबोला मैदानावर मोडला. क्रीडादिनाची तयारी चालली होती. रस्सीखेचीचा दोर आणायला बाई प्रेक्षकांच्या पायऱ्या चढून वर गेल्या, दोर खांद्यावर घेतला, आणि उतरायला वळल्या तोच डोळ्यांपुढं अंधारी आली. पुढचं त्यांना आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा त्या उड्या मारायच्या गाद्यांवर आडव्या होत्या आणि भोवती मुलं अगदी चिडीचूप उभी होती. इतकी शांतता त्यांना शिट्टी वाजवूनही कधी मिळाली नव्हती.

म्हातारे डॉक्टर या वेळी घाईनं तपासून मोकळे झाले नाहीत. त्यांनी बाईंना अर्धवट झोपवलं, मानेची शीर किती वर चढलीये ते बघितलं, छातीवर डाव्या कडेला नळी ठेवून खूप वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. मग नळी कानांतून काढून म्हणाले, "हा दमा नाही. मी आधीच नीट ऐकायला हवं होतं. हृदयाचा दुसरा ठोका फार जोरात वाजतोय." त्यांनी लगेच फोन उचलला आणि मोठ्या इस्पितळातल्या हृदयाच्या डॉक्टरांकडं स्वतः वेळ मागून घेतली. बाईंच्या मनात पुढं कधी त्यांच्याविषयी कडवटपणा आला नाही. चूक सगळ्यांच्याच हातून होते. ती चूक आहे असं म्हणून त्याच क्षणी फोन उचलणारे थोडे, असं त्या म्हणायच्या.

इस्पितळातली हृदयाची डॉक्टर म्हणजे आखूड केसांची, चष्मा कपाळावर चढवलेली एक बारकी बाई निघाली. आवाज इतका हळू की शिट्टीबाईंना वाटलं, हिला मैदानावर उभी केली तर पहिल्या रांगेलाही ऐकू जायचं नाही. तिनं त्यांना डाव्या कुशीवर झोपवलं, छातीवर गार जेल लावलं आणि यंत्राचा दांडा बरगड्यांमध्ये टेकवला. खोलीत अंधार होता, पडद्यावर करडं काहीतरी हलत होतं. सासूबाई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. बाहेर थांबा असं त्यांना सांगायचं धाडस कुणी केलं नव्हतं.

डॉक्टरनं आधी सगळ्या बाजूंनी बघून घेतलं. मग तिनं पडदा बाईंकडं वळवला.

"हा डावा कप्पा. साऱ्या अंगाला रक्त पाठवायचं काम याचं, म्हणून भिंत जाड आणि आकार गोल. हा उजवा. याला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत रक्त ढकलायचं असतं, सोपं काम, म्हणून भिंत पातळ. हा डाव्यापेक्षा लहान दिसायला हवा. तुमचा बघा."

बघायला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. उजवा फुगून मोठा झाला होता आणि त्यानं मधली भिंत रेटून डाव्याला एका बाजूनं चपटं करून टाकलं होतं. गोल कुठंच दिसत नव्हता. सरळ पाठीचा अर्धचंद्र तेवढा धडधडत होता.

"म्हणजे माझं हृदय खराब झालंय," बाई म्हणाल्या.

"हृदय बिचारं राबतंय," डॉक्टर म्हणाली. "फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब फार वाढलाय. दार पलीकडून कुणी दाबून धरलं असेल तर ढकलणाऱ्याचा काय दोष? दार का उघडत नाही ते आधी शोधू. आणि ढकलणाऱ्याच्या अंगात अजून किती बळ आहे तेही मोजू."

मग तिनं दाखवलं की दर ठोक्याला उजव्या कप्प्याचा झडपेजवळचा कोपरा खालीवर व्हायला हवा, मान डोलावल्यासारखा. बाईंचा कोपरा डोलत होता, पण कसाबसा. रांगेत शेवटी उभं राहिलेलं, कवायतीला कंटाळलेलं पोर हात हलवतं तसा.

पाय कधी मोडला होता का, बरेच दिवस अंथरुणावर होता का, असं डॉक्टरनं विचारलं. बाई नाही म्हणायच्या बेतात होत्या, तोच स्टुलावरून आवाज आला.

"नाही काय? जुनी गोष्ट आहे, पण प्लास्टर होतं की! मुलींना तोल सांभाळून चालायला शिकवत होती, आणि स्वतःच पडली लाकडावरून. मांडीपर्यंत प्लास्टर. सगळं जागेवर करावं लागायचं, मी केलंय." मग थोडं थांबून त्या हळूच म्हणाल्या, "ते काढल्यावर हिच्या बरगडीत उसण भरली होती. श्वास घेतला की कळ यायची. मी रोज गरम तेलानं चोळत होते."

ती उसण नव्हती. प्लास्टरमध्ये निपचित पडलेल्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. तिचे तुकडे वाहत वाहत फुप्फुसात जाऊन अडकले होते. बहुतेकांच्या अंगात अशा गुठळ्या आपोआप विरघळतात. बाईंच्या विरघळल्या नाहीत. वर्षानुवर्षं त्या तिथंच चिकटून, घट्ट होऊन बसल्या, आणि उजवं हृदय त्यांच्याविरुद्ध ढकलत ढकलत दमत गेलं. हे सगळं पुढच्या तपासण्यांत कळलं. एका तपासणीत फुप्फुसांची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली होती. हवा सगळीकडं पोहोचत होती, रक्त मात्र मोठमोठे भाग सोडून जात होतं. सासूबाईंचा चेहरा उतरलेला बघून डॉक्टरनं त्यांना सांगितलं की तेव्हा कुणालाही उसणच वाटली असती. पण त्या दिवसापासून बाईंची फाइल सासूबाईंनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

यात एक गोष्ट चांगली होती, आणि डॉक्टरनं ती आधी सांगितली. फुप्फुसांतला दाब वाढायची कारणं खूप असतात आणि बहुतेकांना औषधांवरच दिवस काढावे लागतात. गुठळ्यांचा हा प्रकार मात्र ऑपरेशन करून मुळापासून काढता येतो. फक्त ते ऑपरेशन फार मोठं असतं. ते उजव्या हृदयाला झेपेल की नाही, हे आधी ठरवायला हवं.

त्यासाठी बाईंच्या मानेतल्या शिरेतून बारीक नळी घालून ती थेट हृदयात न्यायची होती. पूर्ण भूल देणार नाहीत, जाग्याच असाल, हे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं. त्या दिवशी थंडगार खोलीत, अंगावर हिरव्या चादरी, तोंड एका बाजूला वळवलेलं, अशा त्या पडून होत्या आणि लहानपणी अंधाराची भीती वाटली की जशा पाढे म्हणायच्या तसे मनातल्या मनात म्हणत होत्या. चादरीच्या पलीकडून तो बारीक आवाज येत राहिला. आता नुसती सुई टोचेल. आता काही कळणार नाही. आता आपण उजव्या कप्प्यात आलो, जरा फडफडल्यासारखं होईल, घाबरू नका. आणि खरंच, छातीत पाखरू पंख झटकावं तसं झालं आणि थांबलं. आता फुप्फुसाच्या वाहिनीत पोहोचलो.

"दाब किती आहे?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरनं आकडा सांगितला. लपवला नाही. "जास्त आहे, बराच जास्त. पण नुसत्या आकड्यावर सगळं ठरत नाही. एवढ्या दाबापुढं तुमचं हृदय रक्त किती पुढं पाठवतंय ते आता मोजते. नळीतून थोडं गार पाणी सोडेन."

ते पाणी पुन्हा पुन्हा सोडून, पुन्हा पुन्हा मोजून तिनं खात्री केली. शेवटी नळी काढून मानेवर बोटं दाबून धरली, रक्त थांबेपर्यंत. हे काम कुणा सहायकाला सांगता आलं असतं, पण ती स्वतः उभी राहिली. त्या वेळात तिनं बाईंना विचारलं की शाळेत कुठला खेळ शिकवायला सगळ्यांत जास्त आवडतो. बाईंच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. गेल्या कित्येक दिवसांत सगळ्यांनी त्यांना काय जमत नाही एवढंच विचारलं होतं.

मोजमाप फारसं चांगलं नव्हतं. सर्जन आडव्या अंगाचे आणि मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बाईंना, नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून खरं ते सांगितलं. हृदय फार थकलंय, रक्त कमी पाठवतंय, अंगात पाणी साठलंय. आत्ता टेबलावर घेतलं तर गुठळ्या निघतीलही, पण त्यानंतरचे पहिले दिवस हे हृदय काढू शकेल याची खात्री वाटत नाही. नवऱ्यानं बाईंचा हात धरला. तेव्हा हृदयाची डॉक्टर त्याच हळू आवाजात म्हणाली, "मला काही आठवडे द्या. औषधांनी पाणी उतरवते, दाब थोडा खाली आणते. मग पुन्हा सगळं मोजू. आज जे दिसतंय ते या हृदयाचं सगळं बळ नाही, असं मला वाटतं."

सर्जननी पडद्यावरची चित्रं पुन्हा एकदा बघितली आणि होकार दिला.

ते आठवडे बाईंच्या आयुष्यातले सगळ्यांत अवघड. करायचं काय, तर काहीच करायचं नाही. पाणी मोजून प्यायचं, रोज सकाळी वजन बघायचं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या, आणि जेवणात मीठ नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. तपासणीला जाताना उतरणं जमायचं, परत चढताना जीव मेटाकुटीला यायचा. एके दिवशी इस्पितळातून आल्या तर जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक खुर्ची. नवऱ्यानं कुणाला काही न सांगता आपल्या घरातली एक आणून ठेवली होती. ते बघून खालच्या मजल्यांवरच्या बिऱ्हाडांनी आपापली एकेक बाहेर काढली. एक लोखंडी, एक वेताची, एकीवर तर कुणीतरी उशी बांधलेली. ज्या शेजारणीशी कचऱ्यावरून वर्षभर कुरबुर चालली होती, तिची ती उशी. बाई त्या उशीवर बसल्या आणि श्वास शांत झाल्यावरही जरा वेळ बसूनच राहिल्या. माणसं आपल्याला वाटतात त्याहून चांगली असतात, हे त्यांना त्या जिन्यात कळलं.

अळणी जेवण मात्र त्यांना फार जड गेलं. चौथ्या आठवड्यात एकदा त्यांनी ताट सारलं आणि म्हणाल्या की तुम्हा दोघांचं बरं आहे, चवीचं खाता आणि मला हे गवत. नवरा काही बोलणार होता, सासूबाईंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. पण त्या दिवशी बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या, मिठाचा डबा शोधायला. सगळी फळी धुंडाळली. डबा नव्हता.

"काय शोधतेस?" मागून सासूबाई म्हणाल्या.

"मीठ कुठाय?"

"देऊन टाकलं खालच्या बिऱ्हाडाला. महिना होत आला. तिघंही तेच खातोय की आपण." मग स्वतःच हसत म्हणाल्या, "तूच सांग, तुझ्या मिठाला जागायचं म्हटलं तरी कसं जागू? घरात मीठच नाही."

सासूबाईंना चव म्हणजे जीव. सांजेच्या खाण्यात मिठाचा कण कमी पडला तरी पूर्वी घर डोक्यावर घ्यायच्या. बाई ओट्याला टेकून हसत सुटल्या, आणि हसताना त्यांच्या लक्षात आलं की या वेळी हसणं पुरं झालं; मध्ये थांबावं लागलं नाही.

पायांची सूज उतरली. मानेची शीर खाली गेली. ठरल्याप्रमाणे डॉक्टरनं पुन्हा सगळं मोजलं. इस्पितळाच्या लांब बोळात त्यांना सहा मिनिटं चालवून बघायची एक तपासणी होती. दोन टोकांना खुणेचे त्रिकोण ठेवलेले, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, आणि मागून घड्याळ घेतलेली फिजिओथेरपिस्ट. हिच्या वयाच्या कितीतरी पोरींना आपण अशाच फेऱ्या मारायला लावल्या, असं बाईंच्या मनात आलं. पहिल्या खेपेला त्या बोळात भिंत धरून थांबल्या होत्या. या खेपेला हळू चालल्या, पण थांबल्या नाहीत. एकोमध्ये, म्हणजे त्या पडद्यावरच्या तपासणीत, तो झडपेजवळचा कोपरा थोडा जास्त डोलत होता. मानेतून पुन्हा नळी घातली, तेव्हा गार पाण्याच्या मोजणीनंही तेच सांगितलं. दाब अजून भारीच होता, पण हृदय आता पूर्वीपेक्षा बरंच जास्त रक्त पुढं ढकलत होतं.

सर्जननी सगळे कागद वाचले. "आता घेऊ," एवढंच म्हणाले. हृदयाच्या डॉक्टरनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा कपाळावर चढवला. तिच्याकडून आनंदाचं यापेक्षा मोठं प्रदर्शन बाईंनी कधी बघितलं नाही.

ऑपरेशनचा दिवस बाईंच्या वाट्याला आलाच नाही. तो नवऱ्यानं आणि सासूबाईंनी बाहेरच्या बाकावर काढला. अंग थंड करून, हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम यंत्राकडं देऊन, मध्ये मध्ये थोडा वेळ रक्ताचं फिरणंच थांबवून सर्जन त्या जुन्या गुठळ्या वाहिन्यांच्या आतून सोलून काढत होते. नवऱ्यानं नंतर सांगितलं की आई दिवसभर एक शब्द बोलली नाही, आणि तो शांतपणाच त्याला सगळ्यांत भीतिदायक वाटला. सूर्य मावळायच्या सुमारास सर्जन बाहेर आले. तेव्हाही सगळं पार पडलं असं ते म्हणाले नाहीत. गुठळ्या निघाल्यात, दाब उतरलाय, आता त्या उजव्या बाजूनं दोन दिवस साथ द्यायला हवी, असं म्हणाले.

तिनं साथ दिली.

श्वासाची नळी काढल्यावर बाईंनी पहिला मोकळा श्वास घेतला. छाती दुखत होती, टाके ओढत होते, पण तो श्वास आत गेला तो जातच राहिला, तळाला जाऊन टेकला. असा तळ आपल्या छातीला आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या. सर्जननी दोन दिवसांनी फोटो दाखवला: ट्रेमध्ये मांडलेल्या पांढुरक्या पिवळ्या फांद्या, उपटलेल्या रोपाच्या मुळांसारख्या, मोठीतून लहान, लहानीतून आणखी बारीक फुटत गेलेल्या. "हे सगळं माझ्यात होतं?" बाईंनी विचारलं. हो, म्हणाले. आणि त्याच्यापुढं तुमची उजवी बाजू इतकी वर्षं उभी राहिली.

बेडवर पडून बाईंना भरपूर वेळ होता. ज्यांचं रक्त त्यांना चढवलं होतं, ती माणसं कोण असतील याचा त्या विचार करायच्या. कुणी दुपारच्या सुट्टीत जाऊन रक्त देऊन आलं असेल, बिस्किट खाऊन परत कामाला लागलं असेल, आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेलं असेल. त्यांचे आभार मानायला दारच नव्हतं. म्हणून त्या समोर येईल त्याचे मानू लागल्या: चादर बदलणाऱ्या मावशींचे, पाठीवर थोपटून खोकायला लावणाऱ्या नर्सचे, अगदी पहाटे रक्त काढायला येऊन झोपमोड करणाऱ्याचेही. तो तर बावरला; त्याला आजवर सगळ्यांकडून शिव्याच मिळालेल्या.

सासूबाईंचे आभार मानायचं मात्र त्यांना जमेना. घरी आल्यावर एके दुपारी, स्वतःच्या पायांना तेल चोळत बसलेल्या सासूबाईंना त्या म्हणाल्या, "आई, त्या दिवशी तुम्ही माझे पाय बघितले नसते तर..."

"तर दुसऱ्या कुणी बघितले असते."

"दुसरं कुणी बघत नव्हतं."

"बरं मग," सासूबाई म्हणाल्या. "उपकार मानायचे ते परक्यांचे. घरच्यांचे मानायला लागलीस तर मला उद्या पाव्हणी म्हणून हाकलून देशील." आणि त्यांनी तेलाची वाटी सुनेकडं सरकवली. बाईंनी वाटी घेतली आणि सासूबाईंच्या पोटऱ्यांना तेल लावायला बसल्या. आयुष्यभर उभ्यानं झिजलेले पाय ते.

वर्ष उलटलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या होत्या, बाकीची औषधं एकेक करून बंद झाली. बाई शाळेत परतल्या. आधी झाडाखाली, मग झाडाबाहेर. वर्षाच्या तपासणीला गेल्या तेव्हा डॉक्टरनं त्यांना विचारलं की शिकाऊ डॉक्टरांना तुमचा एको दाखवला तर चालेल का, त्यांना काही आधी सांगणार नाही. बाई म्हणाल्या, माझं तर कामच शिकवायचं, विचारता काय.

चार-पाच तरुण मुलंमुली त्या अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीनं उभी राहिली. बाई डाव्या कुशीवर झोपल्या, गार जेल लागलं, पडद्यावर करडं चित्र हलू लागलं. या वेळी त्यांना स्वतःलाच दिसलं: डावा कप्पा गोल, उजवा त्याला बिलगून, लहान. झडपेजवळचा कोपरा दर ठोक्याला खालीवर.

"काय दिसतंय?" डॉक्टरनं मुलांना विचारलं.

मुलं आजारच शोधत होती. एकमेकांकडं बघत होती. शेवटी मागच्या एका मुलीनं बिचकत बिचकत तोंड उघडलं. "उजवा कप्पा अगदी किंचित मोठा असेल तर असेल. पण तसं... काही विशेष नाही."

"नक्की?"

"हो. काही विशेष नाही."

डॉक्टरनं तिला चूक म्हटलं नाही. तिनं दुसऱ्या पडद्यावर जुना एको लावला आणि तो चपटा अर्धचंद्र, तो फुगलेला कप्पा शेजारी धडधडू लागला. हे त्याच हृदयाचे दोन एको आहेत, एवढंच तिनं सांगितलं. ती मागची मुलगी पडद्याकडं नाही, बाईंकडं बघत होती.

जेल पुसून, कपडे सारखे करून बाई बाहेर आल्या. बोळातल्या बाकावर सासूबाई मांडीवर फाइल घेऊन ताठ बसल्या होत्या. सुनेला येताना बघून त्या उठल्या.

"काय म्हणाले?"

"काही विशेष नाही, म्हणाले."

सासूबाईंनी ऐकलं. फाइल छातीशी धरली. मग त्या पुन्हा बाकावर बसल्या, आणि ऑपरेशनच्या दिवशीही ज्या रडल्या नव्हत्या त्या, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, पदर डोळ्यांना लावून रडल्या. बाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी सासूबाईंचा हात आपल्या हातात घेतला आणि त्यांचं रडणं पुरतं ओसरेपर्यंत तशाच बसून राहिल्या. घाई कसलीच नव्हती.